पाण्याखाली उतरायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पहिल्या दिवसापासूनची वाट

दिवाळीची सुट्टी संपली की नौपाड्यातल्या ओळखीच्या घरांतून मला फोन यायला लागतात. "ताई, आम्ही मालवणला स्कूबा करून आलो. आता नीट शिकायचंय, कुठे जाऊ?" प्रश्न एकच असला तरी विचारणारा दर वेळी निराळ्या जागी उभा असतो. कुणाला पोहता येत नाही, कुणाला दम्याचा पंप लागतो, कुणाच्या मुलीला स्पर्धेत उतरायचंय, तर कुणाला वाटतं की डायव्हरचं कार्ड हातात आलं की तेल कंपनीत नोकरी लागेल. इतकी वर्षं प्रत्येकाला तोंडी सांगत आले, या वेळी लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डायव्हर घडण्याचं निम्म्याहून जास्त काम समुद्रात होतच नाही. ते कमरेएवढ्या पाण्याच्या तलावात होतं, आणि तो तलाव तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. सुट्टी काढून समुद्रावर जाल तेव्हा चार-पाच दिवस मिळतील. ते मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात गेले, तर बघायचं काय आणि कधी?

मालवणला जे केलंत ते काय होतं

तो अनुभव-डाइव्ह होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर नेतात, सिलिंडरमधली हवा पुरवणारा रेग्युलेटर तोंडात देतात, आणि प्रशिक्षक मागून तुमचा सिलिंडर धरून ठेवतो. तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटात हवा तो भरतो, खाली किती जायचं ते तो ठरवतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा. यात कमी लेखण्यासारखं काही नाही. पाण्याखाली श्वास घेता येतो हे पहिल्यांदा अंगाला कळतं तो क्षण मोठाच असतो, आणि पोहता न येणाऱ्या आईबाबांनाही तो घेता येतो. पण त्यातून डायव्हर होता येत नाही, आणि तिथे मिळालेला छापील कागद ही आठवण आहे, परवाना नव्हे. स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्या जॅकेटात हवा कोण भरत होतं? उत्तर "तो दादा" असेल, तर तुमचं शिक्षण अजून सुरू व्हायचंय.

संघटना कशाला हवी

नवख्या माणसाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पैसे भरण्याआधी हाच समजून घ्या. तुम्ही उद्या पुदुच्चेरीला किंवा अंदमानात एका अनोळखी बोटीवर जाल आणि कार्ड दाखवाल. समोरच्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. त्या कार्डावर विश्वास ठेवून तो तुम्हाला 18 मीटर खाली नेतो, कारण कार्डामागे प्रशिक्षक आहे, प्रशिक्षकाला तपासणारा परीक्षक आहे आणि त्या दोघांना बांधून ठेवणारी संस्था आहे. ही साखळी कुठेही तुटली तर कार्ड म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.

या साखळ्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली राष्ट्रीय महासंघांची. देशोदेशीच्या पाण्याखालच्या खेळांच्या संघटना एकत्र येऊन 1959 साली मोनॅकोत त्यांची जागतिक संस्था उभी राहिली, तिला सगळे 'सीमास' म्हणतात. पहिले अध्यक्ष जाक-इव्ह कुस्तो. एमिल गान्यां या अभियंत्याबरोबर 1943 मध्ये त्यांनी श्वास घेतला की लागेल तेवढीच हवा सोडणारा झडप-यंत्राचा संच तयार केला, आणि आज आपण तोंडात धरतो तो रेग्युलेटर त्याच वंशातला. सीमासची पद्धत ताऱ्यांची: एक तारा म्हणजे सोबत्यासह 20 मीटरपर्यंत उतरू शकणारा, पुढे दोन, तीन, आणि तीन ताऱ्यांचा डायव्हर इतरांना घेऊन जाऊ शकतो. प्रशिक्षकांचेही वेगळे तारे असतात. महासंघाचं काम फक्त शिकवण्यापुरतं नसतं, स्पर्धा आणि समुद्रविज्ञान हेही त्याच छपराखाली चालतं. आपल्याकडे अंडरवॉटर स्पोर्ट्स फेडरेशन ऑफ इंडिया फिनस्विमिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवते. त्याकडे खाली येतेच.

दुसरी साखळी प्रशिक्षण कंपन्यांची. पॅडी 1966 पासून, एसएसआय 1970 पासून. महाराष्ट्र-गोवा-अंदमानात तुम्हाला प्रामुख्याने हीच नावं दिसतील. यांचा पहिला पूर्ण कोर्स म्हणजे ओपन वॉटर डायव्हर, मर्यादा 18 मीटर. स्वतंत्रपणे सोबत्यासह डाइव्ह करणाऱ्या माणसाला किमान काय यायला हवं, याचं आयएसओ 24801-2 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि या मोठ्या संस्थांचे मूळ अभ्यासक्रम त्याला धरून चालतात. म्हणून एकीचं कार्ड दुसरीच्या केंद्रात चालतं.

मग घ्यायचं कुठलं? माझं मत स्पष्ट आहे: कार्डाच्या रंगापेक्षा शिकवणारा माणूस महत्त्वाचा. तुमच्या सोयीच्या अंतरावर, तुमच्या भाषेत, शांतपणे समजावणारा, एका वेळी चारहून जास्त विद्यार्थी पाण्यात न नेणारा प्रशिक्षक ज्या संस्थेचा असेल, ती संस्था तुमची. ज्यांना क्लबबरोबर राहायचंय किंवा मुलांना खेळात घालायचंय त्यांनी महासंघाच्या बाजूने चौकशी करावी.

प्रशिक्षकाला त्याचा क्रमांक विचारा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. तो चालू सभासद आहे की नाही ते तिथे दिसतं. एका केंद्रात मी हा क्रमांक मागितला तेव्हा "मॅडम, टेन्शन घेऊ नका, आमचे सगळे एक्सपर्ट आहेत" एवढंच उत्तर मिळालं. मी पैसे न भरता परतले. चांगल्या प्रशिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तुम्ही विचारलंत याचं त्याला बरं वाटतं.

आधी डॉक्टर, मग फी

कोर्सच्या सुरुवातीला एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. दमा, फिट येणं, हृदयविकार, कधी फुप्फुस फुटून छातीत हवा गेलेली असणं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, मधुमेह, असे प्रश्न असतात. एकाही ठिकाणी 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते. लोक सुट्टी आणि तिकीट काढून बसतात, तिथे जाऊन 'हो' लिहावं लागतं म्हणून घाबरून सगळीकडे 'नाही' लिहितात. असं करू नका. ती प्रश्नावली कोर्सच्या दोन महिने आधी मागवून घ्या, घरी बसून भरा आणि 'हो' असेल तर ठाण्यातच डॉक्टरांना भेटा. 'हो' म्हणजे कायमचा नकार असतो असंही नाही. पण दम्याचा झटका 12 मीटरवर आला तर वर यायला जो वेळ लागतो, तो कुणाच्याही हातात नसतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे मात्र प्रत्येकाने जावं, आजार असो वा नसो. पडद्यामागची नळी उघडते का, मळ साठलाय का, नाकाचं हाड वाकडं आहे का, हे बघून घेतलेलं बरं. पाण्यात शिरल्यावर पहिल्या एक-दोन मीटरांतच कान दडे बसल्यासारखे होतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं, किंवा नाक धरून आवंढा गिळला की मोकळे होतात. हे दुखायला लागण्याआधी करायचं, दर हातभर खाली गेल्यावर करायचं. मोकळे होत नसतील तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, तरीही नाही जमलं तर त्या दिवशी डाइव्ह रद्द. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी सर्दी असताना औषध घेऊन उतरले. खाली जाताना कान मोकळे झाले, पण अर्ध्या तासाने औषधाचा असर उतरला आणि वर येताना कानातली हवा बाहेर पडेना. पुढे दोन आठवडे एका कानाने नीट ऐकू आलं नाही. सर्दी म्हणजे सुट्टी, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

पावसाळा हा तुमचा शाळेचा काळ

कोकणचा समुद्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत डायव्हिंगसाठी बंद असतो. हे चार महिने वाया घालवू नका. जूनमध्ये तलावात नाव घाला, नोव्हेंबरात समुद्रावर जा, हे वेळापत्रक ठाणेकराला सगळ्यांत सोयीचं.

पोहण्याची अट फार मोठी नाही. पॅडीच्या ओपन वॉटरला 200 मीटर न थांबता पोहायचं असतं, कुठल्याही शैलीत, वेळेची अट नाही. मास्क, फिन (पायांत घालायची रुंद पाती) आणि स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून करणार असाल तर 300 मीटर. शिवाय 10 मिनिटं तरंगून दाखवायचं. 25 मीटरच्या तलावात 200 मीटर म्हणजे आठ वेळा या टोकापासून त्या टोकाला. ठाण्यात गडकरी रंगायतनजवळचा महापालिकेचा मारोतराव शिंदे तरणतलाव पिढ्यान्‌पिढ्यांना पोहायला शिकवत आलाय. वाशी-नेरुळकडे क्लबांचे आणि शाळांचे तलाव आहेत, काही गृहसंकुलांतही आहेत. मोठ्या वयात शिकायला लाजू नका. प्रौढांच्या बॅचमध्ये चाळिशीतली माणसं पाय मारायला शिकताना मी दर वर्षी पाहते, आणि त्यांतली काही पुढे माझ्याबरोबर समुद्रातही आली.

पोहणं आलं की मास्क, स्नॉर्कल आणि फिन विकत घ्या. सुरुवातीला एवढंच. जॅकेट, रेग्युलेटर, सिलिंडर, वेटसूट केंद्रात मिळतात, ते घ्यायची घाई नको. मास्क मात्र स्वतःचा हवा, कारण चेहरा प्रत्येकाचा वेगळा. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने थोडा श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. सुंदर दिसणारा आणि महाग असणारा मास्क या एका परीक्षेत नापास झाला तर ठेवून द्या. मिशा असतील तर वरच्या ओठाशी थोडं पाणी शिरतंच, त्याची सवय करावी लागते. लांब केस असतील तर वेणी घाला, एक बट जरी काठाखाली आली तरी पाणी झिरपतं. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर काच सारखी धुकट होईल. चष्मा असलेल्यांना नंबरची काच बसवून मिळते.

मग तलावाच्या उथळ टोकाला रोज वीस मिनिटं एवढंच करा. मास्क न लावता तोंड पाण्यात घालून फक्त स्नॉर्कलने श्वास घ्या. नाक पाण्यात उघडं असतं, त्यामुळे पहिले दोन दिवस ठसका लागतो. आठवड्याभरात नाक आपोआप मिटायला शिकतं आणि तोंडच श्वास घेतं. हे ज्याला आलं, त्याचा मास्क 15 मीटरवर निसटला तरी तो घाबरत नाही. समुद्रात घाबरून वर धावणारे जे नवखे मी पाहिलेत, त्यांतल्या बहुतेकांना नाकात पाणी गेलं होतं. हवा कुणाचीच संपलेली नव्हती. त्यानंतर मास्क अर्धा भरून, वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून, नाकाने हळू फुंकत पाणी खालून बाहेर काढा. आधी अर्धा, मग पूर्ण भरून. शंभर वेळा करा.

श्वास रोखून किती वेळ खाली राहतो याची पैज मात्र कधीच लावू नका. भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. 'श्वास घे' असा धक्का तोच देत असतो. धक्का येण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस काही न कळता बेशुद्ध पडतो, छातीएवढ्या पाण्यातसुद्धा. चांगले पोहणारे तरुण यात जातात. रोखून पोहण्याचा सराव करायचाच असेल तर शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, आणि एक जोडीदार काठावर फक्त तुमच्याकडे बघत उभा हवा.

दोन गणितं, जी पाठच हवीत

समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. वर एक, 10 मीटरला दोन, 20 मीटरला तीन. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं. हे शाळेच्या विज्ञानात वाचलेलं असतं, पण पाण्यात ते अंगावर येतं. 10 मीटरवर छातीभर श्वास घेऊन तो रोखून तुम्ही वर आलात, तर फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस दुप्पट होऊ शकत नाही. म्हणून पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. सगळ्यांत मोठा बदल वरच्या 10 मीटरांत होतो हेही यातूनच कळतं. 'मी तर उथळच होतो' हा बचाव पाण्यात चालत नाही.

दुसरं गणित हवेचं. केंद्रांत बहुधा 11 लिटरचा, 200 बारला भरलेला सिलिंडर मिळतो (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाएवढा दाब). 50 बार राखीव ठेवायचे, उरले 150. म्हणजे 1650 लिटर हवा. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 20 लिटर घेतो असं धरा. 10 मीटरवर ती 40 होते, म्हणजे सुमारे 40 मिनिटं. 20 मीटरवर 60, म्हणजे 27 मिनिटांच्या आसपास. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट हवा खातो. शांतपणे श्वास सोडायला शिकलात की तोच सिलिंडर जास्त पुरतो.

खोलीवर नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर येताना त्याला बाहेर पडायला वेळ लागतो. सोड्याची बाटली सावकाश उघडावी तसं सावकाश वर यायचं: मिनिटाला 9 मीटरहून जास्त नाही, आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं.

मुलांसाठी आणि खेळाडूंसाठी

तुमचं मूल चांगलं पोहत असेल आणि नेहमीच्या शर्यतींना कंटाळलं असेल, तर फिनस्विमिंग दाखवा. दोन पायांत दोन फिन, किंवा दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात घालून, डॉल्फिनसारखी कमरेतून लाट काढत पोहायचं. स्नॉर्कल बाजूला नसून कपाळावरून सरळ वर गेलेला असतो. सुटल्यावर आणि वळल्यावर 15 मीटरच पाण्याखालून जाता येतं, मग वर यावं लागतं. 50 मीटर एका श्वासात पाण्याखालून जाण्याची वेगळी शर्यत असते. वर्ल्ड गेम्समध्ये हा खेळ 1981 पासून आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. त्यामुळे ऑलिंपिकची स्वप्नं दाखवून कुणी फी घेत असेल तर सावध राहा. जिल्हा आणि राज्य संघटनेकडून निवड होऊन राष्ट्रीय स्पर्धेला जाता येतं. प्रमाणपत्र शाळेच्या क्रीडागुणांना किंवा नोकरीतल्या आरक्षणाला चालतं का, हे त्या वर्षीचा शासननिर्णय पाहून जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. प्रशिक्षकाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

पाण्याखालची हॉकीही आहे. 1954 साली इंग्लंडमध्ये थंडीच्या दिवसांत डायव्हरांना सराव राहावा म्हणून ती सुरू झाली. तलावाच्या तळाशी शिशाची जड चकती, हातात वीतभराहून थोडी मोठी काठी, पाण्यात एका बाजूचे सहा खेळाडू, सगळे श्वास रोखून. चार-सहा उत्साही मित्र आणि दोन मीटर खोलीचा तलाव मिळाला तर सरावाला याहून मजेचा खेळ मला माहीत नाही. अर्थात जीवरक्षक काठावर असतानाच.

समुद्र कुठला, कधी

ठाण्याची खाडी दारात आहे म्हणून तिथे काही करता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. खाडीच्या तळाशी चिखल आहे, भरती-ओहोटीला जोराची ओढ असते, सांडपाणी येतं आणि पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. ती जागा रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) आणि कांदळवनाची, ती तशीच राहू द्यावी. उपवन, मासुंदा या तलावांतही उतरायचं नाही.

आपला जवळचा समुद्र मालवणचा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकवण्यासाठी खास खोल तलावही आहे. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबतात. कुडाळला उतरायचं आणि पुढे रस्त्याने तासाभरात मालवण. गोव्यात ग्रँड आयलंड, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, आणि पाण्याची निवळशंख खोली हवी असेल तर अंदमान आणि लक्षद्वीप. कोर्स मालवणला करून मग अंदमानला जावं असं मी सांगते. अंदमानच्या महागड्या दिवसांत शिकण्यापेक्षा बघावं.

तारखा ठरवताना पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात वर-खाली होतं आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला पाणी त्या मानाने निवळ असतं. सकाळी मतलई वारा असतो, समुद्र सपाट असतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून सकाळचीच बोट मागा. आणि बोटवाला जेव्हा "ताई, आज पानी गढूळ आसा, उद्या येवा" म्हणतो, तेव्हा त्याचं ऐका. पैसे परत मागायची ती वेळ नाही. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस त्या किनाऱ्यावर सगळ्यांत भरवशाचा.

बोटीवर पाय ठेवण्याआधी

मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली जे सुखरूप राहिले होते, त्यांच्यावर पाण्याच्या वर ही वेळ आली. तेव्हापासून मी नवख्यांना डाइव्हबद्दल सांगण्याआधी बोटीबद्दल सांगते. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते प्रवासात अंगात घालायला लावतात का? बोटीवर माणसं किती बसवतात? परवाना दाखवतात का? महाराष्ट्रात साहसी पर्यटनासाठी 2021 पासून धोरण आहे, त्याखाली नोंदणी झालीय का? बोटीवर ऑक्सिजनची पेटी आहे का आणि ती वापरता येणारा कोण? डाइव्ह संपेपर्यंत वर बोटीत माणूस थांबतो का? पाच मिनिटांत हे सगळं विचारून होतं.

सिलिंडर लावल्यावर दोन गोष्टी स्वतः करा. रेग्युलेटरमधून हवा घेऊन वास घ्या. तेलाचा, धुराचा वास आला तर तो सिलिंडर नको, कारण हवा भरताना पंपाने बोटीचा किंवा जनरेटरचा धूर ओढलेला असू शकतो. मग दाबाच्या काट्याकडे बघत तीन-चार जोरात श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली डुचमळत असेल तर वरची झडप पूर्ण उघडलेली नाही. वर हवा पुरते, खाली गेल्यावर पुरत नाही.

खाणाखुणांत नवख्यांची एक चूक ठरलेली. खुश होऊन अंगठा वर करतात. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला', आणि सोबती ते मुकाट्याने पाळतो. 'ठीक आहे' साठी अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं.

तळावर हात लावू नका, फिन आपटू नका. मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तुकडा खिशात घालणं गुन्हा आहे. माशांना पाव घालून फोटो काढून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. ज्याचं तरंगणं पक्कं असतं, म्हणजे श्वासाच्या आधारे जो पाण्यात मधोमध स्थिर राहतो, त्याला तळाला हात टेकवावा लागतच नाही. हे तरंगणंही तलावात शिकता येतं.

नोकरीबद्दल दोन ओळी

पोटासाठी डायव्हर व्हायचं असेल तर ही वाट नाही. मुंबई हायच्या फलाटांवर किंवा बंदरांत काम करणारा व्यावसायिक डायव्हर वरून नळीने हवा घेतो, पाण्याखाली कापतो, जोडतो, तपासतो. त्याचं शिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि परवाना सगळंच वेगळं. करमणुकीच्या कार्डावर ते काम मागू नका आणि कुणी देत असेल तर घेऊ नका. प्रशिक्षक होऊन पोट भरता येतं, पण त्याआधी शेकडो डाइव्ह आणि काही वर्षं.

परतताना

हा भाग कोर्सच्या पुस्तकात विमानापुरता असतो, आपल्याला तो घाटासाठीही वाचावा लागतो. अंगात उरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, त्याआधी उंचीवर जायचं नसतं. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी 12 तास, अनेक दिवस किंवा एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर 18 तास थांबायचं. हा नियम साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो, आणि आंबोली 690 मीटरच्या आसपास आहे. दुपारी मालवणला दुसरी डाइव्ह करून संध्याकाळी गाडीने आंबोली चढून कोल्हापूर-पुण्यामार्गे ठाण्याला निघालात तर पुढे लोणावळाही 600 च्या वरच लागतं. म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवा. किल्ला बघा, सोलकढी प्या, आणि जमल्यास परतीला कोकण रेल्वेच घ्या, ती समुद्राच्या कडेने खालूनच येते.

घरी आल्यावर सांध्यात खोल दुखणं, अंगावर चट्टे, मुंग्या, चक्कर, विलक्षण थकवा असं काही एक-दोन दिवसांत जाणवलं तर 'प्रवासाचा शीण' म्हणून झोपून राहू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी डाइव्ह करून आलेय. हा नायट्रोजनचा त्रास असेल तर दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, उपचार करावे लागतात. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तशी सोय आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमा आधीच काढून ठेवलात तर अशा वेळी कुठे जायचं ते फोनवर सांगणारा माणूस मिळतो.

लॉगबुक गाडीतच लिहून काढा: तारीख, जागा, खोली, मिनिटं, सुरुवातीची आणि शेवटची हवा, किती वजन बांधलं होतं. प्रशिक्षकाची सही मात्र निघण्यापूर्वी घ्या. वजनाची नोंद विसरू नका, पुढच्या वेळी तुम्ही पाण्यात दगडासारखे जाल की बुचासारखे तरंगाल ते त्या एका आकड्यावर ठरतं. मास्क आणि फिन बादलीभर गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि गॅलरीत सावलीत वाळवा. उन्हात टाकलं की मास्कचं सिलिकॉन पिवळं पडतं, आणि फिन भिंतीला टेकवून उभे ठेवले तर पाती वाकतात.